दुपारी बिघडणारा वायपर

बुऱ्हानपूरच्या लालबागेत स्टेशनच्या रस्त्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान अडतीस वर्षं चाललं. गेल्या उन्हाळ्यात शटर ओढलं ते कायमचं. ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणजे नेमकं काय, हे माझ्या सासुरवाडीला अजून नीट कळलेलं नाही. त्यांच्या लेखी मी मेकॅनिक. मेकॅनिक इंजिन उघडतो, त्याचे हात काळे होतात. आमचे हात काळे होत नाहीत, भाजतात. गाडीत जिथं जिथं वायर जाते तिथं आमचं काम: हेडलाइट, हॉर्न, सेल्फ, बॅटरी, वायपर. गाडी अडली की लोक आधी मेकॅनिककडे जातात आणि तिथून हात हलवत निघाले की आमच्या दारात येतात.

गिऱ्हाइकं एकाहून एक. धूलकोटकडच्या एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचा हॉर्न डावीकडे वळलं की आपोआप वाजायचा. स्टिअरिंगखाली एक वायर सोलली गेली होती, ती वळताना ट्रॅक्टरच्या लोखंडाला लागायची. मी पाच मिनिटांत टेप गुंडाळून दिला. आठवड्यानं तो बाबा परत. म्हणाला, वळणावर आमच्या घराशी पोरं खेळतात, हॉर्नच्या आवाजानं बाजूला व्हायची, आता मला ध्यान ठेवून वाजवावा लागतो, तेव्हा पहिल्यासारखा बिघडवून द्या. बटण चालू ठेवलं की डावीकडे वळताना हॉर्न वाजेल अशी एक वेगळी वायर टाकून मी त्याचं समाधान केलं. नीट असलेली वस्तू बिघडवून देण्याचं माझ्या आयुष्यातलं तेवढं एकच काम, असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो.

आता वायपरचं सांगतो. मी धंद्याला लागलो तेव्हा ट्रकला ड्रायव्हरच्या बाजूला एकच वायपर असायचा आणि तोही बहुतेक वेळा मेलेला. मग ड्रायव्हर लोक वायपरच्या दांडीला सुतळी बांधायचे, तिची दोन टोकं दोन खिडक्यांतून आत घ्यायचे आणि क्लीनर ताक घुसळल्यासारखा ती ओढत बसायचा. ज्यांच्याकडे क्लीनर नसे ते काचेवर तंबाखू चोळायचे. तंबाखूनं पाणी थेंब धरत नाही, पसरून वाहून जातं. नेपानगरच्या मिलमधून कागदाचे रोल भरून निघालेला ट्रक भर पावसात असा तंबाखूवर थेट नागपूरला जाई. नंतर चांगल्या मोटारी आल्या, दोन स्पीड आले, थांबून थांबून पुसणारा वायपर आला. तिथवर सगळं माझ्या आवाक्यातलं होतं. वायपरला हुकूम माणूस द्यायचा आणि वायपर ऐकायचा.

मग एक दिवस पाऊस स्वतः ओळखणारी गाडी दुकानासमोर उभी राहिली.

ती रघुनाथदादांची गाडी. रघुनाथ पाटील हे केळीवाले, तापीकाठची चांगली भरल्या घरची शेती. त्यांचा पहिला ट्रॅक्टर, मग जीप, मग पिकअप, सगळ्यांची वायरिंग माझ्या हातची. ही नवी गाडी त्यांच्या मुलानं, नितीननं, घेतली होती. तो इंदूरला नोकरीला, शनिवार-रविवारी घरी येणारा. गाडी मात्र इथंच ठेवलेली, त्याच्या बायकोसाठी. अर्चना तिचं नाव. धूलकोटच्या शाळेत ती विज्ञान शिकवते. रोज गाडीनं जाणं-येणं. घरात सून गाडी चालवते याचं दादांना कौतुकही होतं आणि धास्तीही. लोकांना सांगताना कौतुक, ती निघताना धास्ती.

आरशाच्या मागं, काचेला आतून चिकटलेली एक काळी डबी होती, काडेपेटीएवढी. नितीननं माझ्यासमोर बाटलीतलं पाणी काचेवर शिंपडलं आणि वायपर आपणहून फिरला. जास्त शिंपडलं तर जोरात फिरला. पाणी थांबलं तर एक हात मारून निमूट झोपला. मी खरंच तोंड उघडं टाकून उभा राहिलो. बाहेर पडलेलं पाणी काचेच्या आतल्या बाजूला बसलेल्या डबीला कळतं कसं? काच तर ओली होत नाही आतून. मी नितीनला विचारलं, त्यानं 'सेन्सर आहे ना काका' एवढंच सांगितलं. 'सेन्सर' म्हणजे आमच्या पिढीला दिलेलं उत्तर नसतं, पुढं विचारू नका अशी सूचना असते.

दोनेक वर्षं गेली. एका ट्रकच्या चाकाखालचा खडा उडून गाडीची पुढची काच तडकली. दादांनी काच बदलायचं काम माझ्या दुकानासमोरच करून घेतलं. खंडव्याहून काचवाला आला होता. काच त्यानं बसवली. डबी, आरसा आणि वायरी काढून परत लावायचं काम माझ्याकडे होतं. संध्याकाळी पाणी मारून पाहिलं, वायपर फिरला, गाडी घरी गेली.

त्यानंतरच्या आश्विनातली गोष्ट. पाऊस सरत आलेला, ऊन असं की डांबर मऊ पडावं. शनिवारी शाळा अर्धा दिवस. त्या दिवशी अर्चनानं सासूलाही, म्हणजे आमच्या सिंधूवहिनींना, बरोबर नेलं होतं. त्यांची एक मावसबहीण धूलकोटला असते, तिला भेटायला. दुपारी तीनच्या सुमाराला दोघी परत निघाल्या. मधे एकदम ढग उतरला आणि सर आली. त्याच वेळेला समोरून केळीचा ट्रक गेला आणि खड्ड्यातलं गढूळ पाणी चादरीसारखं काचेवर आलं. वायपर जागचा हलला नाही. अर्चना इतकी वर्षं आपोआप फिरणाऱ्या वायपरला सरावलेली. तिनं स्टिअरिंगजवळच्या दांडीकडे हात नेला, पण तेवढ्यात पुढचं, नाल्यावरच्या मोरीचं वळण आलं आणि गाडी कडेच्या मऊ मातीत उतरून कठड्याला टेकली. तिला काही झालं नाही. वहिनींचा उजवा हात मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दादा गाडी घेऊन माझ्याकडे आले. नितीन बरोबर होता, अर्चनाही मागच्या सीटवर होती. दादांना एवढंच हवं होतं: वायपर खराब आहे की नाही, सांग. सून म्हणते, मी आपोआपवरच ठेवला होता, तो फिरला नाही. मी स्कॅनर लावला. हा एक टीव्हीच्या रिमोटएवढा यंत्र-वैद्य असतो, गाडीच्या पोटातल्या तक्रारी वाचून दाखवतो. तक्रार एकही नव्हती. मग बादलीभर पाणी मारलं. वायपर फिरला. परत मारलं, परत फिरला. मी दांडी पाहिली, फ्यूज पाहिला, मोटार पाहिली आणि रुमालाला हात पुसत, चार लोक ऐकतील अशा आवाजात सांगितलं की गाडीत काहीही खोट नाही.

दादा सुनेकडे वळले नाहीत. मला म्हणाले, "बस. मशीन झूठ नाही बोलत."

मागच्या सीटवर अर्चना खाली मान घालून बसली होती. मला तेव्हा काही वाटलं नाही, हे कबूल करतो. उलट आपल्या निदानाचा थोडा अभिमानच वाटला.

पुढचे तीन आठवडे मला तुकड्यातुकड्यानं कळत होतं. घरात कोणी तिला टाकून बोललं नाही. पाटलांच्या घरात आवाज चढत नाही. पण गाडी विकायची ठरली. सूनबाई आता बसनं जातील आणि बसची वेळ शाळेला जमत नसेल तर बघू, असं ठरलं. 'बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना समजत होतं. अपघात कोणाच्याही हातून होतो, दादांचं म्हणणं होतं, पण चूक लपवायला गाडीवर आळ घेतला, ते बरं नाही. चालवणं सुटलं याचं तिला दुःख होतंच. पण घरानं आपल्याला खोटं ठरवलं, हे तिला जास्त लागलं होतं.

एका दुपारी ती बसमधून उतरून सरळ दुकानात आली. खांद्याला शाळेची पिशवी. पाणी प्यायली आणि म्हणाली, "काका, तुम्ही गाडी पाहिली सकाळी नऊ वाजता. माझ्या वेळेस तीन वाजले होते. गाडी चार तास शाळेसमोर धूपमध्ये उभी होती. पोरांना आम्ही काय शिकवतो? प्रयोग करायचा तर परिस्थिती सेम पाहिजे."

मी म्हटलं, बेटा, वायपरला सकाळ-दुपार कळत नाही.

"पाऊस कळतो ना?" ती म्हणाली. "मग त्याला कसा कळतो ते तरी सांगा."

मला सांगता येईना. तिनंच मग चहावाल्याकडून काचेचा ग्लास मागवला, पाण्यानं काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, वरून तिरपं पाण्यात बघा, ग्लासच्या भिंतीकडे. मी पाहिलं. भिंत चांदीसारखी चमकत होती आणि तिच्या पलीकडची माझी स्वतःची बोटं मला दिसत नव्हती. ती म्हणाली, आता बोटं ओली करा आणि घट्ट धरा. बोटं ओली केली मात्र, त्या चांदीत माझ्या बोटांचे ठसे उमटले, रेष न् रेष. घरी करून पाहा. मी त्या दिवशी ते दहा वेळा केलं असेल.

तिनं समजावलं ते असं. डबीतून एक उजेड निघतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. तो काचेत तिरपा शिरतो, बाहेरच्या पृष्ठभागावर आदळतो आणि बाहेर न पडता आतल्या आत परत फिरतो, त्या चांदीसारखा. डबीतला डोळा तो परत आलेला उजेड मोजत बसलेला असतो. काच कोरडी असेल तर सगळा उजेड परत येतो. बाहेर थेंब बसला की त्या जागी थोडा उजेड थेंबातून निसटतो. परत येणारा कमी भरला की डोळ्यानं समजायचं, पाऊस आहे.

मी विचारलं, न दिसणारा उजेड असतो हे कशावरून? तिनं माझा मोबाइल घेतला, घरचा टीव्हीचा रिमोट दुकानात पडला होता तो त्याच्या कॅमेऱ्यासमोर धरला आणि बटण दाबलं. रिमोटच्या टोकाला जांभळट ठिणगी दिसली. कॅमेरा बाजूला करून नुसत्या डोळ्यानं पाहिलं तर काळोख. माझ्या घरात वीस वर्षं तो उजेड सोफ्यापासून टीव्हीपर्यंत रोज ये-जा करत होता आणि मला पत्ता नव्हता.

तुम्हाला सांगतो, मी देवभोळा माणूस नाही. पण मला त्या क्षणी हात जोडावेसे वाटले. काचेच्या पाव इंच जाडीत एक उजेड कोणाला न दिसता सारखा जातो-येतो आहे, एका थेंबाएवढी तूट आली तरी ओळखतो आहे, आणि माणूस पुढं बसून गाणी ऐकतो आहे. आणि हे मला माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, सगळ्या घरानं खोटी ठरवलेली मुलगी सांगत होती.

मी दादांना फोन केला की गाडी विकायच्या आधी एक दिवस ठेवून जा, वायरिंग नजरेखालून घालतो. शनिवारी सकाळी गाडी आली. अकरापासून ती मी दुकानासमोर उन्हात उभी केली, काचा बंद. दुपारी अर्चना शाळेतून आली. तीन वाजता काचेला आतून बोट लावलं तर चटका बसला. मी गाडी चालू केली, वायपर आपोआपवर टाकला आणि ती बाहेरून बादली घेऊन उभी राहिली. तिनं पाणी मारलं.

वायपर हलला नाही.

अख्खी बादली ओतली. काचेवरून पाणी धबाधबा वाहत होतं, मला समोरचं पानाचं दुकान दिसत नव्हतं आणि वायपर ढिम्म. दांडीनं हुकूम दिला तर लगेच फिरला. म्हणजे मोटार ठीक, आंधळा झालाय तो डोळा. स्कॅनर लावला. त्याच्या मते सगळं उत्तम. बरोबरच होतं त्याचं, डोळ्याला काच कोरडीच दिसत होती.

अर्चनानं बादली खाली ठेवली आणि दुकानाच्या पायरीवर बसली. तिनं आनंद दाखवला नाही. ती त्या निथळणाऱ्या काचेकडे बघत होती.

मी आरसा काढला, डबीची क्लिप सोडवली आणि डबी काचेवरून उचलली. तिच्या तोंडातून कोमट, पिवळसर तेल माझ्या तळव्यावर ओघळलं. वास घ्यायचीही गरज नव्हती. ते मी आयुष्यभर रोज हाताळलेलं होतं.

बॅटरीच्या टर्मिनलला पांढरी बुरशी चढू नये म्हणून आम्ही पेट्रोलियम जेली लावतो. माझ्या टेबलावर तिची डबी कायम उघडी असायची. काच बदलली त्या दिवशी जुन्या काचेवरून सेन्सर काढला तेव्हा त्याच्या तोंडाला लिबलिबीत, पारदर्शक असं काही चिकटलेलं होतं, धुळीनं माखलेलं. मला वाटलं, जुना डिंक. मी ब्लेडनं खरवडलं, स्पिरिटनं लख्ख पुसलं. मग कोरडी डबी काचेवर ठेवली तर वायपर चालेना. मनात आलं, मधे काहीतरी ओलसर लागत असणार. बोटभर जेली घेतली आणि भरली. वायपर चालला. मी खूश. आम्हा बॅटरीवाल्यांचा हा रोगच आहे, जे अडेल त्याला जेली.

तो डिंक नव्हता. उजेडाला डबीतून काचेत शिरायला मधे हवा चालत नाही, म्हणून कंपनी तिथं खास जेलची चकती बसवते. उन्हानं न वितळणारी. माझी जेली बुऱ्हानपूरच्या दुपारी वितळत होती. त्यात अडकलेला हवेचा बुडबुडा फुगून बरोबर डोळ्यासमोर येऊन बसत होता. उजेड काचेत शिरतच नव्हता, अलीकडूनच माघारी फिरत होता. गार झालं की बुडबुडा आक्रसून कडेला जाई आणि जेली घट्ट होई, म्हणून सकाळी सगळं ठाकठीक. उन्हाळ्यात पाऊस नसतो आणि पावसाळ्यात ऊन नसतं, म्हणून वर्षभर कोणाला कळलंही नाही. कडक ऊन आणि त्यावर लगेच पाणी, असं एकदाच झालं, त्या मोरीपाशी.

मी थक्क झालो होतो आणि घाबरलोही होतो. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला त्या वयात कळलं.

"काका, हे काय आहे?" अर्चनानं विचारलं.

मी म्हटलं, ग्रीससारखं काहीतरी.

"कोणी लावलं?"

"काचवाल्यानं लावलं असेल," मी म्हणालो.

काचवाला दूरचा, त्याचा पत्ता कोणाकडे नाही, त्याच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं होतं. तिनं मान हलवली. तिला कारण मिळालं होतं, माणसाशी तिला देणंघेणं नव्हतं. माझ्याकडे बघून ती पहिल्यांदा हसली आणि 'थँक्यू काका' म्हणाली. ते थँक्यू मला पचलं नाही.

इंदूरहून जेलची नवी चकती मागवली. ती सोमवारी आली. चकती रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, दोन्ही बाजूंनी कागद. मधे एक बुडबुडा राहू न देता ती बसवली आणि दुपारी गाडी घेऊन दादांच्या घरी गेलो. काही सणामुळे शाळेला सुटी होती, नितीनही घरी होता. ओसरीवर दादा, बाजेवर वहिनी, हात प्लास्टरमध्ये. अर्चना दाराशी उभी. मी सांगितलं की वायपरमध्ये खरंच दोष होता, फक्त उन्हात दिसणारा, मी स्वतः पाहिला, काचवाल्यानं भलतंच काही भरलं होतं.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाले, "मनोहर, तुले पोरीची दया आली. मले समजतं. पन दया येगळी अन् खरं येगळं."

मी म्हटलं, दादा, मी बघितलंय.

"तूच बघून बोलला होता ना, गाडीत खोट नाही? चार लोकांत बोलला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आता ही तुह्या दुकानात जाऊन बसली, अन् गाडीत खोट निघाली. अन् काचवाला तं तुह्याच दारात काम करत होता. तू बाजूले उभा. त्यानं भरलं अन् तुले दिसलं नाही, हे कोन मानल?"

अर्चनानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तेच मागच्या सीटवरचं होतं. आणि मला लख्ख दिसलं की माझ्या खोट्यानं तिचं खरंही खोटं होऊन बसलं आहे. मी तिच्यासाठी कितीही साक्ष काढली तरी ती दयाच ठरणार होती. स्वतःच्या अंगावर घेतलं तरच कोणी मानणार होतं. माणूस सगळं खोटं बोलेल, पण आपल्याच धंद्याची अब्रू आपल्याच हातानं घालवणारं खोटं कोण बोलेल?

"ती बॅटरीची जेली होती, दादा," मी म्हणालो. "माझ्या टेबलावरची. काचवाल्याचा काही संबंध नाही. मीच लावली."

मग मी सगळं सांगितलं. डिंक समजून चकती खरवडली ते, जेली भरली ते, नऊ वाजता तपासून मोठ्या तोंडानं निकाल दिला ते, आणि परवा अर्चनाला काचवाल्याचं नाव सांगितलं तेही. सांगताना माझं लक्ष वहिनींच्या प्लास्टरकडे सारखं जात होतं. तो हात माझ्या बोटभर जेलीनं मोडला होता.

दादा म्हणाले, "तीस वर्षांत तुह्या हातची गाडी मी कधी दुसऱ्याले दाखवली नाही." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

नितीन बायकोकडे बघत होता, पण तिच्याजवळ जायचं त्याला सुचत नव्हतं. सगळ्यात आधी उठल्या त्या सिंधूवहिनी. डाव्या हातानं ओसरीवरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि अंगणात उतरल्या. भर उन्हात गाडी उभी होती. मला म्हणाल्या, "भाऊ, चालू करा."

मी गाडी चालू केली, वायपर आपोआपवर टाकला आणि खाली उतरलो. वहिनींनी तांब्या बोनेटवर ठेवला. डाव्या हाताची बोटं पाण्यात बुडवली आणि जेवताना ताटाभोवती फिरवतो तेवढंच पाणी काचेवर झटकलं. चार-पाच थेंब. वायपर उठला, एक हात फिरला आणि परत जागेवर गेला. त्या बघत राहिल्या. त्यांनी पुन्हा बोटं बुडवली, या वेळी दोनच थेंब. वायपर पुन्हा उठला. गाडीत कोणी बसलेलं नव्हतं.

"याले तं एवढं बी दिसतं," त्या हळूच म्हणाल्या. "अन् आपल्याले घरातलं मानूस दिसलं नाही."

मग त्या वळल्या. घरातल्या सगळ्यांसमोर, माझ्यासमोर, आणि कुंपणाशी उभ्या शेजारणीसमोरही म्हणाल्या, "अर्चना, तुझं खरं होतं. चुकलं आमचं."

अर्चना त्या दिवशी पहिल्यांदा रडली. दादा ओसरीवरून उठून खाली आले, खिशातून किल्ली काढली, सुनेला द्यावी की मुलाला हे त्यांना कळेना, तेव्हा वहिनींनीच ती घेतली आणि तिच्या हातात ठेवली. स्वतः पुढचं दार उघडून ड्रायव्हरशेजारी बसल्या, प्लास्टरचा हात मांडीवर सांभाळत.

"चल," त्या म्हणाल्या, "त्या मोरीपर्यंत जाऊन येऊ."

"आत्ता? इतक्या उन्हात?" अर्चनानं विचारलं.

"उन्हातच जायचं."

मी पाय मागं घेत होतो. वहिनींनी काच खाली केली आणि मला म्हणाल्या, भाऊ, तुम्ही बी बसा. मी मागच्या सीटवर, अर्चना त्या सकाळी जिथं मान घालून बसली होती तिथं, बसलो. जाऊन-येऊन तासभर लागला. रस्ता सगळा कोरडा होता, वायपरला काही काम नव्हतं, आणि अर्चना एकसारखी, सावकाश, छान चालवत होती.